जयपालचा सत्त्याहत्तरशे

त्या दिवशी जयपालचं दुकानात बूड टेकत नव्हतं. आज पहिल्यांदा एकट्यानं ग्लायडर उडवायचं होतं आणि बायकोनं, त्रिशलानं, सकाळीच बजावलं होतं, काही घोळ झाला तर हा नाद कायमचा बंद. शिवाय दिवस मावळायच्या आत जेवायला घरी. जैनाच्या घरात त्याला माफी नाही.

माळावर उडायला शिकवणाऱ्या राजवर्धन सरांनी त्याला पुन्हा समजावलं. विमानतळाचे टॉवरवाले चार आकडे देतील ते यंत्रावर लावायचे, म्हणजे रडारवर आपण कोण ते त्यांना कळतं. हे यंत्र बॅटरी खातं आणि ग्लायडरला इंजिन नाही, तेव्हा संपली की संपली; तिला मोबाईल चार्जिंगला जोडायचा नाही. जयपालनं मान हलवली आणि सरांची पाठ वळताच मोबाईल जोडला. त्रिशलासाठी मंगळवार पेठेतल्या घराचं वरून शूटिंग करायचं होतं ना! उडताना फोन लागू द्यायचा नाही, हा नियम तेवढा त्यानं पाळला.

वर गेल्यावर टॉवरनं आकडा दिला, ४१३०. जयपालनं सवयीनं बेरीज केली. आठ. म्हणजे शनी. पहिल्याच खेपेला शनी? छे! त्याच्या जीपचा नंबर ७७००, त्रिशलानं जाणकाराला विचारून घेतलेला. गाडी कधी पंक्चरसुद्धा झाली नव्हती. त्यानं तोच लावून टाकला. हा आकडा म्हणजे आभाळातून मारलेली ‘वाचवा’ अशी हाक, हे सरांनी शिकवलं त्या दिवशी हा पठ्ठ्या पूजेला गेला होता.

रेडिओवर कुणीतरी घाईघाईनं काही विचारायला लागलं, तेवढ्यात बॅटरीनं मान टाकली. रेडिओ गप्प, यंत्र गप्प. टॉवरच्या पडद्यावर आधी ‘वाचवा’ उमटलं आणि पाठोपाठ ग्लायडरच नाहीसं झालं. मग काय विचारता!

जयपालला खाली गडमुडशिंगीच्या रस्त्यानं आगीचा बंब पळताना दिसला. कुणा बिचाऱ्याचं घर पेटलं असेल म्हणून हा बघायला त्याच्यावर घिरट्या घालू लागला. हा पुढं सरकला की बंब पुढं, हा वळला की बंबही वळायचा. आग काही दिसेना, उंची मात्र संपत आली. शेवटी उसाच्या कडेच्या मोकळ्या रानात उतरावं लागलं. बंब थेट त्याच्यापुढंच येऊन थांबला.

“पावणं, आग कुठं लागलीया?” जयपालनं विचारलं.

“ते तुमीच सांगायचं की,” बंबवाला म्हणाला.

मागोमाग सरांच्या गाडीतून त्रिशला उतरली. डोळे रडून लाल, हातात डबा.

“आधी जेवा. दिवस बुडाय लागलाय.”

जयपाल बांधावर बसला. सर एकेक चूक सांगत होते आणि तो खाली बघत भाकरी मोडत होता. संपलं आपलं उडणं, त्याला कळून चुकलं.

“नंबर कुठला लावलासा?” त्रिशलानं विचारलं.

“आपल्या जीपचाच.”

त्रिशला ग्लायडरकडं बघत राहिली. पंख शाबूत होते. नवराही शाबूत होता. मग पदरानं डोळे पुसून ती सरांकडं वळली.

“बघा सर. बॅटरी न्हाय, रेडिओ न्हाय, तरी त्या नंबरानं माणूस सुखरूप खाली आणला. खुशाल उडू देत ह्यांना. पण नंबर त्योच लावायचा. दुसरा लावला तर उडायचं बंद.”

सरांनी कपाळाला हात लावला. बंबवाल्यानं तेवढं, पुढचं उड्डाण कधी आहे ते विचारून घेतलं.