झान्नाच्या गालिच्याचं आत्मवृत्त

निबंध म्हणजे माझ्या हातचा मळ. हे मी बढाई म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतो. शाळेत मराठीच्या बाई वर्गात जो निबंध वाचून दाखवत, तो हमखास माझा असे. पुढे मी बँकेच्या लेखापरीक्षण खात्यात शिरलो, सिंगापूरला आलो, क्वीन्सटाउनमध्ये फ्लॅट घेतला आणि आयुष्यभर इतरांच्या चुका दाखवणारे रुक्ष अहवाल लिहीत बसलो. पण आतला निबंधकार जिवंत होता. त्याला कुणी विचारत नव्हतं, एवढंच. आमची ऋता विचारायची, पण ती शिकायला मेलबर्नला गेली आणि आता फोनवर फक्त एकच प्रश्न विचारते, "बाबा, आई कुठे आहे?"

अशातच शेजारच्या फ्लॅटमध्ये झान्ना राहायला आली. झान्ना अल्माटीची. घरात सगळे रशियन बोलतात म्हणून मी त्यांना रशियन म्हणायचो आणि ती दर वेळी न चिडता म्हणायची, "कझाकस्तान." नवरा जहाजदुरुस्तीच्या कामावर, जुरोंगच्याही पलीकडे. मुलं जुळी, तिमूर आणि दारिना, अकरा वर्षांची. दोघं इथल्याच शाळेत, एकाच वर्गात. गणितात दोघं वाघ, पण इंग्रजीच्या नावानं बोंब.

एका संध्याकाळी झान्ना दारात उभी. हातात ताटली, ताटलीत आपल्या गुलगुल्यांसारखं काहीतरी तळलेलं. तिचं इंग्रजी मोडकं, पण मुद्देसूद होतं.

"शाळा बोलली, इंग्रजी या वेळी चांगलं नाही, तर मुलं दोन वर्ग खाली. लहान मुलांबरोबर. मग मी घेऊन जाते, अल्माटी. नवरा इथे." तिनं ताटली माझ्या हातात दिली आणि एक बोट एका बाजूला, तीन बोटं दुसऱ्या बाजूला करून दाखवली. "तुम्ही मदत?"

तिच्या त्या एकट्या बोटाकडे बघून मला खरंच कसंतरी झालं. मी ताबडतोब हो म्हटलं.

"अहो, जरा विचार करून," आतून सुलेखा म्हणाली. सुलेखा म्हणजे माझी बायको. "पोरांना इंग्रजी शिकवायचंय. तुमची भाषणं ऐकवायची नाहीत."

"भाषण कोण करतंय? मी मार्गदर्शन करतो," मी म्हणालो. सुलेखा स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवसापासून पोरं रोज संध्याकाळी यायला लागली. बूट बाहेर काढायची, सोफ्यावर ताठ बसायची आणि मी बोलत असेपर्यंत हलायची नाहीत. असे विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं. आठवडाभरात महत्त्वाचा गृहपाठ आला. याच निबंधावरून इंग्रजीच्या बाई त्यांच्या वर्गाचं ठरवणार होत्या. विषय होता, घरातलं माझं आयुष्य. मर्यादा दोनशे शब्दांची.

तिमूरनं आधीच सुरुवात केली होती. मी सकाळी उठतो. मी दात घासतो. मी अंडं खातो.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"माझं आयुष्य," तिमूर म्हणाला.

"हे आयुष्य दोन वर्ग खाली जाणारं आहे."

आता मला सांगा, अशा वेळी मराठी माणसाला दुसरं काय सुचणार? आत्मवृत्त! शाळेत असताना जो एकदा तरी गंजलेला खिळा किंवा एसटी स्टँडवरचं मोडकं बाकडं झाला नाही, असा मराठी माणूस मला दाखवा. मी स्वतः अडगळीतला कंदील म्हणून आख्ख्या वर्गाला रडवलं होतं. मी पोरांना पद्धत समजावून सांगितली. घरातली एखादी वस्तू घ्यायची. तिच्या तोंडून बोलायचं. आधी तिचे सुखाचे दिवस, मग हाल, मग अधिक हाल. आणि ती वस्तू कोण हे अगदी शेवटच्या ओळीपर्यंत सांगायचं नाही.

पोरं माझ्याकडे बघत राहिली.

"पद्माकर अंकल, वस्तू बोलते?" दारिनानं विचारलं.

"आत्मवृत्तात बोलते."

"अल्माटीच्या शाळेत वस्तू बोलत नाही."

"म्हणून तर तुम्ही इथे आलात," मी म्हणालो.

तिमूरनं बराच विचार करून घरातला लाल गालिचा निवडला. अल्माटीहून आणलेला, आजीच्या लग्नातला. पण लिहिताना पुन्हा अडला. "अंकल, गालिचा दुःखी का? तो चांगला आहे. आईला आवडतो."

"सुखी वस्तूला कुणी मार्क देत नाही. त्याला त्रास काय होतो ते सांग."

"आई दर रविवारी बाल्कनीच्या कठड्यावर टाकते. झटकते. धूळ जाते."

"झटकते काय? झटकण्यानं कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. काठीनं मारत नाही?"

"काठी आहे," तिमूर म्हणाला. "मारते."

"मग काठी लिही की!"

त्यानं लिहिलं. मी ते मोठ्यानं वाचून काढलं. पूर्वी सगळे माझं कौतुक करायचे. आता सगळे मला तुडवून जातात. रात्री मी जमिनीवर असतो. दर रविवारी आई मला कठड्यावर उलटं टांगते आणि काठीनं मारते. बाबा हसतात. मी कुणाला सांगू शकत नाही. वा! फक्त मजकूर थोडा लांबला होता.

"दोनशे म्हणजे दोनशे," मी बजावलं. "मर्यादा ओलांडणं म्हणजे अफरातफर. मोज आणि जास्तीचं काप." लेखापरीक्षकाचं रक्त आहे, काय करणार. दारिना म्हणाली की ती तिचा निबंध घरी लिहील. मी म्हटलं, तूही काप.

पुढच्या आठवड्यात झान्ना धावत आली. शाळेतून फोन होता. तिला एवढंच कळलं होतं की निबंधांबद्दल आहे, गंभीर आहे आणि लगेच या. तिला बोलताना अडचण नको म्हणून मी बरोबर जावं, असं तिचं म्हणणं होतं. मी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि सुलेखानं केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला.

"डबा कशाला?" सुलेखानं विचारलं.

"निबंधाबद्दल शाळेत बोलावतात ते कौतुकाला. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

"गंभीर म्हणाले ना?"

"इथे कौतुकही गंभीरपणे करतात," मी म्हणालो.

शाळेत आम्हाला भेटल्या मिस को. मुलांच्या समुपदेशक. टेबलावर दोन निबंध, शेजारी टिश्यूचा डबा. त्यांनी दार लोटून घेतलं आणि मी शेजारी आहे, मुलांना शिकवतो, हे ऐकून मला बसायला सांगितलं.

"तिमूरचा निबंध वाचला आणि रात्रभर मला झोप लागली नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"पहिल्यांदा तसं होतं," मी म्हणालो.

"तुम्हाला यातलं माहीत होतं?"

"माहीत? अहो, सगळं मीच शिकवलं."

त्यांचं पेन थांबलं. "तुम्ही?"

"रोज संध्याकाळी. काठीसुद्धा माझीच कल्पना. तो म्हणत होता, आई नुसती झटकते. मी म्हटलं, त्यानं परिणाम होत नाही. काठीच पाहिजे."

मिस को पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे पाठ होईल अशी खुर्ची वळवून त्या झान्नाशी एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या. "दर रविवारी. बाल्कनीत. टांगून. काठीनं मारता. हे खरं आहे?"

झान्नाचा चेहरा पडला. तिचा समज असा झाला, हे मला मागाहून कळलं, की धूळ उडते म्हणून खालच्या मजल्यानं थेट शाळेत तक्रार केली. सिंगापूरचा काही नेम नाही, असं तिला वाटत असे.

"खरं," ती म्हणाली. "सॉरी. खालचे लोक रागावले?"

"खालच्या लोकांना माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत. आवाज होतो. धप, धप."

"हे कधीपासून चालू आहे?"

"नेहमी. माझी आई पण. तिकडे बाहेर नेते, बर्फावर टाकते, मग मारते. खूप छान. रंग येतो." मिस कोंचा रंग गेला. त्यांची समजूत काढावी म्हणून झान्ना घाईनं म्हणाली, "इथे बर्फ नाही. आता मी खाली नेते, बागेत. नवरा पण येतो. दोघं मारतो, लवकर होतं."

मला काहीच उमगेना. कौतुक सुरू व्हायला एवढा वेळ का लागतोय? मी डबा उघडून पुढे सरकवला. "लाडू घ्या."

"सर," मिस को म्हणाल्या, "मला हे वर कळवावं लागेल. तोवर मुलांना आज घरी पाठवता येईल की नाही, तेही बघावं लागेल."

झान्नाला यातलं 'मुलं' आणि 'घरी नाही' एवढंच कळलं असावं. तिनं माझी बाही घट्ट पकडली. "अल्माटी?" तिनं विचारलं. दुसऱ्या हाताचं एक बोट तिनं वर केलं. तो हात बघितला आणि माझी पहिल्यांदा पाचावर धारण बसली. हे बक्षीस नव्हतं. मी निबंध ओढून घेतला आणि वाचला. शेवटची ओळ होती, मी कुणाला सांगू शकत नाही. त्याखाली कोरा कागद. गालिच्याचा पत्ताच नाही!

"अहो, हा गालिचा आहे!" मी ओरडलो.

"कोण?"

"तिमूर."

"तिमूर गालिचा आहे?"

"तिमूर गालिचा नाही. गालिचा तिमूर झालाय. म्हणजे तिमूर गालिचा होऊन बोलतोय. आमच्याकडे लहानपणी सगळे होतात. मी कंदील होतो."

मिस को उठून दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलांना बोलावून घेतलं.

पोरं आली. मिस को तिमूरसमोर गुडघ्यांवर बसल्या. "तिमूर, घाबरू नकोस. बाल्कनीत कुणाला टांगतात?"

हा काय प्रश्न, अशा चेहऱ्यानं तिमूर म्हणाला, "गालिच्याला. लाल."

"मग तसं लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं होतं. शेवटची ओळ. ती दोनशेच्या बाहेर गेली. अंकल बोलले, काप."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दारिनानं आईला रशियनमध्ये भराभर काहीतरी सांगितलं. झान्नानं दोन्ही हात तोंडावर ठेवले, मग फोन काढून एक फोटो मिस कोंना दाखवला. कठड्यावर लाल गालिचा, शेजारी काठी घेतलेला तिचा नवरा, हसतोय. मिस को मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आयो, आधी कार्पेट बोलायचं ना, लाह," त्या अस्सल सिंगापुरी सुरात म्हणाल्या. टिश्यूचा डबा शेवटी त्यांनाच लागला.

"म्हणजे हासुद्धा वस्तूचाच?" त्यांनी दारिनाचा निबंध उचलला. "आम्हाला वाटलं, घरात कुणी वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही."

गेलेली अब्रू परत मिळवायची हीच वेळ होती. "वाचा," मी म्हणालो. "वस्तू मी ओळखतो. यातला दर्दी आहे मी."

मिस को वाचू लागल्या. मी शेजारच्या घरात राहतो. संध्याकाळ झाली की मी सुरू होतो. मला कुणी काही विचारत नाही, तरी मी उत्तरं देतो. माझा आवाज आला की आंटी स्वयंपाकघरात जाते. पूर्वी एक मुलगी माझ्यासमोर बसायची, ती लांब गेली. आता दोन मुलं येतात. त्यांना माझं अर्धं बोलणं कळत नाही, तरी ती येतात. ती पण गेली, तर मी कुणाशी बोलू?

"टीव्ही," मी म्हणालो. "सोपं आहे. बघा, सुरू होतो म्हटलंय. कुणी विचारत नाही तरी बोलतो. किती बारीक निरीक्षण!"

दारिना जमिनीकडे बघत होती. "नाही, अंकल."

"मग रेडिओ. नाही? पण आमच्याकडे रेडिओ नाहीच. आवाज करणारं, जुनं, कुणी लक्ष न देणारं असं आमच्या घरात दुसरं आहे काय?"

तिमूरला माझी दया आली असावी. "तिनं पण शेवटची ओळ कापली," तो म्हणाला. "त्यात होतं, मी पद्माकर अंकल."

मी लाडू खाल्ला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मिस कोंनी कागद जपून खाली ठेवला. वर्गात असं एकाही मुलानं लिहिलेलं नाही, त्या म्हणाल्या. इंग्रजीच्या बाईंशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं. काळजी होती ती घराची, भाषेची नव्हती. दोन्ही मुलं आहेत त्याच वर्गात राहतील. 'राहतील' हा शब्द झान्नाला बरोबर कळला. तिनं चारही बोटं एकत्र करून मला दाखवली आणि रडायला लागली. मग माझंही नाक वाहायला लागलं आणि मी टिश्यू मागितला.

घरी आल्यावर मी सुलेखाला सगळं साग्रसंगीत सांगायला सुरुवात केली. पण ती स्वयंपाकघराकडे वळताना दिसली आणि मी मधेच थांबलो. दारिनाच्या निबंधाची प्रत मी मुद्दाम मागून आणली होती, ती गुपचूप तिच्या हातात दिली. सुलेखानं चष्मा लावला आणि निबंध दोनदा वाचला. एवढ्या लक्षपूर्वक तिनं माझा एकही निबंध कधी वाचला नव्हता.

"पोरीचं इंग्रजी चांगलंच सुधारलं हो," ती म्हणाली. "शोधून एक चूक सापडली नाही."