आमच्या वाडीतील कोंबड्यांच्या संरक्षणाचे पहिले वर्ष

कोंबडीला स्वतःच्या हिताची काडीइतकी अक्कल नसते, म्हणून तिच्या हिताचा भार चार जाणत्या माणसांना उचलावा लागतो. अणशीच्या रानातल्या आमच्या वाडीला हे सत्य सन १९१२च्या शिमग्यानंतर उमगले. त्याआधी कोल्हा, रानमांजर, मुंगूस आणि घार मिळून वर्षाला अकरा कोंबड्या नेत, आणि नेताना कुणाची परवानगी घेत नसत. (मुंगसाकडून आमची तशी अपेक्षाही नव्हती.)

सबब, कुक्कुटरक्षक मंडळ स्थापन झाले. भिकाजी गावकार अध्यक्ष, मी चिटणीस. अडतीस पक्ष्यांची रंग, तुरा व स्वभावासह वहीत नोंद झाली.

पहिला ठराव असा की, वेशीवरच्या राखणदाराला दर अमावास्येला कोंबडा द्यावा. जो देव वाघाला वेशीबाहेर ठेवतो त्याला कोल्हा म्हणजे किस झाड की पत्ती! या देवाचा प्रसाद घरी नेत नाहीत, पुरुषांनी जागेवरच संपवायचा, ही वाडवडिलांची रीत. आम्ही ती एकदाही मोडली नाही. कोंबडे संपल्यावर देवाला कौल लावला, तर त्याने कोंबडीलाही उजवा कौल दिला. फार समंजस देव हो!

दुसरा ठराव मजबूत खुराड्याचा. रानातून खांब आणले, तर ते सरकारी सागाचे की साध्या किंजळीचे हे बघायला जंगलगार्ड आले. उपाशीपोटी लाकूड ओळखत नाही म्हणाले. जेवल्यावर झोप लागली, म्हणून पुन्हा आले. असे नऊ वेळा. खांब किंजळीचेच निघाले, आमची लाज राहिली.

वर्षाअखेरची स्थिती येणेप्रमाणे: राखणदार बारा, गार्ड नऊ, आमची व्यवस्था बघायला आलेले परगावचे पाहुणे आठ, मंडळाच्या बैठका सहा, सापळ्यात आमिष एक (सापळ्यात मंडळाचा सभासद लखूच सापडला, आता बरा आहे). हिंस्र प्राण्यांनी नेल्या फक्त दोन! अकरावरून दोन! शेवटच्या महिन्यात तर कोल्हा वाडीकडे फिरकलासुद्धा नाही. खुराडे आजही मजबूत आहे, आत कुणी नसल्याने स्वच्छही आहे.

काही कुत्सित लोक म्हणतात, कुंपणानंच शेत खाल्लं. साफ चूक. कुंपणाला बैठका घ्याव्या लागत नाहीत.

एकच गालबोट लागले. रुक्मा नावाच्या विधवेने आपली ठिपक्याठिपक्यांची कवडी कोंबडी वहीत नोंदवलीच नाही. स्वयंपाकघरात डालग्याखाली ठेवते, वर पाटा. तिची लेक पारू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, दिवस भरलेत, आणि बाळंतिणीच्या रश्श्याला म्हणून ही कोंबडी राखली आहे म्हणे. अध्यक्ष स्वतः तिच्या दारी गेले.

"रुक्मा, उघड्यावर ऱ्हायली तर कोल्हा न्हेईल की गं तिला. मंडळात दे."

"भावजी, कोल्ह्याला मी काठीनं हाणते," रुक्मा म्हणाली. "तुमास्नी कसं हाणू?"

आता सांगा, अशा माणसांचं भलं करायचं तरी कसं? तरीही मंडळाने राग धरलेला नाही. उलट, गावात पाहुणा आला तर पाहुण्याच्या मानासाठी रुक्माने कोंबडी सोडावी, एवढाच सौम्य ठराव एकमताने केला. रुक्माही पाहुण्याला नाही म्हणायची नाही. जीव तुटेल बाईचा, पण दारी आलेल्याला उपाशी पाठवायची आमच्याकडे पद्धतच नाही.

गेल्या पंधरवड्यात सुदैवाने कुणी आलेले नाही. परंतु आपण हे इतक्या आवडीने शेवटपर्यंत वाचलेत, त्यावरून आपल्याला आमचे काम प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा झाली असणार. अवश्य यावे. फक्त दोन दिवस आधी कळवा, म्हणजे पाटा उचलायला माणूस पाठवता येईल.