अण्णांचा ळ

आमच्या अण्णांचा जन्म हुबळीतला, कापडाचं दुकान हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात, पण सत्तरी आली तरी त्यांना हुबळी म्हणता येत नव्हतं. ते हुबली म्हणत. ळ त्यांच्या जिभेवर चढायचाच नाही. फळ्याचा फला, शाळेची शाला. पत्नीचं नाव कमळा, तिला जन्मभर कमला. "सासरी माझं नाव बदललं नाही, ह्यांच्या जिभेनं बदललं," असं कमळाअक्का हसून सांगायच्या.

अक्का गेल्या आणि अण्णांनी आम्हा चार दुकानदारांच्या मानगुटीवर बसून एक मंडळ काढलं. सरकारी शाळांतल्या शिक्षकांना वर्गासाठी हवं ते घेऊन द्यायचं. निवड मात्र अण्णांची. "वाढत्या अंगाचं घ्या," हे त्यांचं पालुपद. एका शाळेला नकाशा असा दिला, की काश्मीर छताला लागलं आणि आपलं कर्नाटक फरशीवर लोळू लागलं.

एकदा जुन्या हुबळीतल्या मराठी शाळेतून पहिलीच्या बाईंचा फोन आला. पोरांना कन्नडी पाहिजे, म्हणाल्या. अण्णांनी ऐकलं 'कानडी'. झालं! पोरांना कानडी शिकायचंय म्हणून गडी हरखला. दुपारपर्यंत बाजारातली कानडी पुस्तकं रिक्षात भरली, वर मला बसवलं आणि आमची वरात निघाली.

"कालजी करू नका बाई, दहावीपर्यंतची आणलीत. वाढत्या अंगाची."

बाईंनी कपाळाला हात लावला. कानडीत कन्नडी म्हणजे आरसा. हुबळीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मराठी बोलण्यात तो शब्द आला आणि आम्ही दोघे थोराड फसलो.

"ळ म्हणताना जीभ कुठं वळतीय, ते पोरांना दिसाय पाहिजे की ओ, अण्णा," बाई म्हणाल्या. "काहीजणांना येत नाही. बाकीची हसतात."

अण्णांनी हातातलं पुस्तक रिक्षात परत ठेवलं.

"मलाही हसायचे," ते म्हणाले. "म्हणून शाला सोडली."

दुसऱ्याच दिवशी दुकानातला पुरुषभर उंचीचा आरसा हातगाडीवर चढला. गिऱ्हाइकं त्यात पदर लावून बघायची. आता त्यात अख्खी पहिली मावली. सगळा वर्ग जिभा वळवून ळ, ळ करत सुटला. बाईंचं कुणी ऐकेना. मीसुद्धा गर्दीत घुसून एकदा वळवून घेतली. काय मजा आली म्हणून सांगू!

घंटा झाली, पोरं पांगली. मी रिक्षा बघून परत आलो, तर अण्णा पोरांच्या बुटक्या बाकावर बसून आरशात बघत होते. जीभ वळवायचे, ती घसरायची, पुन्हा वळवायचे. मी दारातच थांबलो.

"कमळा," अण्णा म्हणाले.

अगदी स्वच्छ. अण्णांनी पुन्हा एकदा म्हटलं, "कमळा," आणि थांबले, हाक मारल्यावर माणूस 'ओ'ची वाट बघतो तसे.