मामाच्या नावाची पाटी

तिउर्मांची एकच तक्रार होती: कॉलेजात शिकवायला लागल्यापासून त्यांचा बोनार आईला 'हो' म्हणत नसे, कारणं सांगत असे.

आज तिउर्मांच्या भावाच्या, मारुलीच्या मुलीचं लग्न. इंडोनेशियातल्या मेदान शहरात हॉलबाहेर यजमानांच्या नावाच्या फुलांच्या पाट्या नसतील तर ते लग्न कसलं? आणि तिउर्मांचं दुकानच पाट्यांचं. माहेरचं आडनाव, सिमानजुंटाक, त्यांनी स्वतः टाचलं होतं. थर्माकोलची अकरा रोमन अक्षरं, एकेकावर बोट ठेवून. शाळा दुसरीपर्यंतच, वाचन बोटानंच चाले.

वाटेत गाडी खड्ड्यात आपटली, अक्षरं गळली, बोनारनं ती परत टोचली. हॉलपाशी तिउर्मांनी बोट फिरवलं आणि ते दुसऱ्याच अक्षरावर अडलं. पहिलं अक्षर बरोबर, शेवटचं बरोबर, मधे नुसता आठवडी बाजार.

"इनांग, मेंदू अख्खा शब्द एका घासात गिळतो," बोनार आईला म्हणाला. "दोन्ही टोकं जागेवर असली की मधलं डोकं आपोआप लावून घेतं."

"मेल्या, मामाचं नाव आहे ते. देवानंतर मामा. तो उलट्या पावली परत गेला तर?"

"मामाला कळणारही नाही."

निवृत्त हेडमास्तर मारुली आला. पाटी खणखणीत वाचली, डोळे पुसले, तिच्याखाली फोटो काढून घेतला. मग पाहुण्यांनीही काढले. एवढी शिकलेली माणसं, आणि डोळस कोण, तर दुसरी पास!

पाहुणे आत वळताच तिउर्मा खुर्चीवर चढल्या. सहा अक्षरं उपटली तोच मारुली बाहेर.

"बहीण ना तू माझी? भरल्या लग्नात माझं नाव कोंबडीसारखं सोलतेस?"

"चुकलं होतं रे ते."

"चुकलं? हा बघ फोटो." आणि फोटोतलं तेच विस्कटलेलं नाव त्यानं पुन्हा बिनचूक वाचून दाखवलं.

चारचौघांत तिउर्मांनी माफी मागितली, मुकाट्यानं अक्षरं क्रमानं लावली.

"हं," मारुली म्हणाला, "आता झालं पहिल्यासारखं."

रीतीप्रमाणे पंगतीत वाढायचं काम बहिणीच्या घराकडे. शेवटच्या पंगतीत बोनारही जेवायला बसला. तिउर्मांनी भात वाढला, पाण्याचा ग्लास ठेवला आणि डुकराच्या मटणाचं पातेलं पुढच्या पानाकडे नेलं.

"इनांग, मटण?"

"पहिलं जागेवर आहे, शेवटचं जागेवर आहे. मधलं तुझं डोकं लावून घेईल. जेव."