वांग्याचं तेल

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी तीन वर्षांत शेकडो पेशंटना तो कागद वाटला होता. ‘ग्रिल केलेली वांगी : जाड कापांना मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, पाणी पुसा, तेलाचा हात फिरवा, तापलेल्या तव्यावर भाजा. सहा कापांना एक चमचा तेल पुरे.’ कागद चांगला होता. फक्त त्याबरहुकूम वांगी त्यांनी स्वतः कधीच केली नव्हती, आणि आज अकरा वाजता ती पेशंटना खाऊ घालायची होती.

सकाळच्या घाईत मिठाची पंधरा मिनिटं गाळली गेली. काप तव्याला जे चिकटले ते चिकटलेच. सुटले तेव्हा काळेठिक्कर.

“आई, तुम्ही करून द्या ना! माझी अब्रू जाईल हो!”

सासूबाईंनी एक अक्षर न विचारता तवा हातात घेतला आणि अर्ध्या तासात डबा भरून दिला.

दवाखान्याच्या हॉलमध्ये सगळ्यांनी कापांवर ताव मारला. “पथ्य असं असेल तर जन्मभर करू, मॅडम!” एक बाई म्हणाल्या. मॅडमना मूठभर मांस चढलं. पुढे बसलेल्या भाजीवाल्या आजोबांनी मात्र आपला काप त्या कागदावरच ठेवला होता. त्यांनी काप उचलला आणि कागद खिडकीसमोर धरला. ‘एक चमचा तेल पुरे’ या ओळीतून बाहेरचं झाड दिसत होतं.

“मॅडम, एवढं तेल कुठलं?”

“ते... वांग्याचं स्वतःचंच असतं,” मॅडम बोलून गेल्या.

त्या बाईंनी ते लगेच वहीत उतरवलं. “वांग्याचं तेल हार्टला चालतं का हो?”

आता माघार कशी घेणार? “चालतं की.”

“मॅडम, मी चाळीस वर्षं वांगी विकली,” आजोबा शांतपणे म्हणाले. “त्यातून तेल निघत असतं तर मी घाणाच टाकला नसता का?”

एकच हशा पिकला. वहीवाल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मुकाट्याने ती ओळ खोडली. ते पाहून मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी खोटं बोलले,” त्या मान खाली घालून म्हणाल्या. “ही सासूबाईंनी केली. माझी जळाली.”

जाताना आजोबांनी तो कागद घडी करून त्यांच्या हातात ठेवला.

घरी सासूबाई टेबलाशी बसून सकाळचे जळके काप लिंबू पिळून खात होत्या.

“आई, तेल किती घातलं होतंत?”

“मोजलं कुणी? वांगं पीत गेलं, मी घालत गेले. तुझी अब्रू जायला नको ना!”

“आणि हे जळकं कशाला खाताय?”

“वरचं काळं खरवडून टाकलं. आत मऊ आहे. शिवाय तेल कमी. माझं कोलेस्टेरॉल वाढलंय ना, दोन वर्षं झाली.”

शरमेने मॅडमना वर बघवेना.

“अगं, तू सगळ्यांना वाटतेस तो कागद एखादा उरला असेल तर मलाही दे.”

मॅडमनी पर्स उघडली. आत एकच कागद होता, आजोबांचा.