उकंडरावांच्या अंगणातलं दार

आमचे शेजारी उकंडराव मोबाईलवर बंदुकीचा गेम खेळतात, आणि आजवर त्यांनी त्यात एकही गोळी झाडलेली नाही. शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या मारतात, एकमेकांना टिपतात आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो, असा तो गेम. उकंडराव उडी मारतात, एखादा बरा खडक गाठतात आणि त्याच्यामागे बसून राहतात. त्यांच्या तुकडीत कुठकुठली पोरं असतात. ती फोनमधून ओरडतात, "अंकल, सो गये क्या? फायर करो." उकंडराव फोन तोंडाशी नेऊन शांतपणे सांगतात, "चूप बैस रे बावा. तुह्या आवाजानं समदं जंगल जागं होऊन राह्यलं." पंधरा-वीस मिनिटांत पोरं मरून जातात आणि उकंडराव दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या नंबरावर येतात. पहिला नंबर येत नाही, कारण त्यासाठी शेवटी एकदा तरी गोळी झाडावी लागते.

पासष्ट ओलांडलेला माणूस. वनखात्यात वनमजूर म्हणून तेहतीस वर्षं काढली. त्या काळी वाघ मोजायचा म्हणजे जंगलातल्या वाटेवर चाळलेली बारीक माती अंथरायची, दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर उमटलेल्या पंजावर काच धरायची आणि स्केचपेननं तो गिरवून घ्यायचा. वाघ स्वतः महिनोन्‌महिने दिसत नसे. डोळ्यांपुढे जे येतं त्यावर भरवसा ठेवायचा नाही, मागे काय राहिलं ते पाहायचं, ही सवय त्यांना तिथे लागली ती कायमची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. उमरखेडकडून बदली होऊन झरी जामणी तालुक्यातल्या या गावात आलो, तेव्हा पहिले आठ दिवस या गृहस्थानं मला मास्तर मानलंच नाही. नवव्या दिवशी माझ्या उजव्या बाहीवरची खडूची पूड बोटानं पुसून घेतली, हुंगली आणि मग म्हणाले, "या मास्तर, च्या घ्या." तेव्हापासून पाच वर्षं आमची भिंतीला भिंत आहे. माझ्या फोनचं इंटरनेट ते वापरतात. रोज वापरतात आणि रोज विचारतात, "हे तुमी फुकट कायले देता?"

फुकटाचं त्यांना भारी वावडं. पूर्वी वाघ यावा म्हणून शिकारी आपल्या मचाणाखाली हल्या, म्हणजे रेडा, बांधत. त्यावरून त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "बांधेल हल्या दिसला का पयले वर पाह्याचं." सरकारी योजना असो, लग्नाची पंगत असो की दुकानदारानं हातावर ठेवलेली जास्तीची गोळी असो, उकंडराव आधी वर पाहतात.

मागच्या दसऱ्याला त्यांच्या मुलानं, प्रशांतनं, पुण्याहून टॅब पाठवला. उकंडरावांनी चार दिवस खोकं उघडलं नाही. ते पलंगाखाली ढकललं आणि स्वतः ओट्यावर झोपू लागले.

"गेम खेळायला मोठा पडदा पाठवला असेल हो," मी म्हणालो.

"मी मांगतला नव्हता."

"मुलगा आहे तुमचा."

"म्हनून तं," ते म्हणाले, आणि आढ्याकडे पाहू लागले.

संशयाला कारण नव्हतं असं नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली, तेव्हापासून प्रशांत म्हणत होता, बाबा, एकटे राहू नका, इकडे या. वर्षापूर्वी त्यानं नवा फ्लॅट घेतला. उकंडरावांनी तो पाहिलेला नव्हता. फोनवर ते विचारत, "माह्यी खोली कोनती?" प्रशांत म्हणे, "आहे ना बाबा, तयार आहे." फोन ठेवल्यावर उकंडराव मला म्हणत, "तयार हाय म्हनते. दाखवत नाई." पण तोवर त्यांनी घरची बकरी पलीकडच्या इंदूबाईला देऊन टाकली होती, आणि मुकुटबनच्या बाजारात जाऊन जुन्या बॅगेची चेन बदलून आणली होती. माणूस जायला निघाला होता. फक्त आपल्याला खरोखरच बोलावलंय का, याचा पुरावा हवा होता.

पाचव्या दिवशी टॅब उघडला. पहिली गोष्ट काय केली, तर विजेच्या तारेला लावतात ती काळी चिकटपट्टी पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर चिकटवली. मग नात गौरीचा फोन आला. गौरी दहा वर्षांची. आजोबांच्या गेमच्या नादाला साऱ्या घरात तीच एक मान देते. तिनं सांगितलं, "आजोबा, टॅबमध्ये मी एक ॲप टाकून दिलंय. त्यात खरं अंगण दिसतं आणि त्यात खोटा वाघ उभा राहतो."

"खरं अंगन तं मले असंच दिसते."

"पण वाघ दिसत नाही ना."

हे त्यांना पटलं. ॲप उघडलं, तर पडदा काळाकुट्ट. उकंडराव त्याच्याकडे बराच वेळ टक लावून बसले, आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, "अवसेचा वाघ हाय." मी चिकटपट्टी काढायला सांगितली. एका कॅमेऱ्यावरची काढू दिली.

आणि न्हाणीजवळ वाघ उभा राहिला. चांगला पट्टेदार, शेपटी हलवणारा. खरं सांगतो, मी दोन पावलं मागे सरलो. उकंडराव पुढे गेले. टॅब माझ्या हाती देऊन म्हणाले, "धरून ठेवा, हलू देऊ नोका," आणि चुलीतली राख घेऊन आले. चाळणीनं चाळून त्यांनी ती न्हाणीपासून तुळशीपर्यंत अंथरली, अगदी जंगलातल्यासारखी, कडा हातानं सारख्या करून. मग आम्ही त्या वाघाला राखेवरून चालवलं. टॅबमध्ये वाघ ऐटीत गेला आणि आला. उकंडराव उकिडवे बसून राख न्याहाळत होते.

"पंजा नाई," ते म्हणाले. "सावली हाय, पंजा नाई. अन् भर दुपारी उन्हात उभा राह्यते, हे कायचा वाघ? तुमचा पाय मात्र सापडला मास्तर. डावा ओढता तुमी. गुडघा दुखते का?"

दुखत होता. घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी जुनी डायरी काढून तीत नोंद केली: नर, वय अंदाजे सहा, वर्तन संशयास्पद. पुढे गौरीनं आणखी एक खेळ टाकून दिला. त्यात रस्त्यांवर चित्रविचित्र प्राणी लपलेले असतात आणि टॅब घेऊन हिंडत ते धरायचे असतात. पुण्यात म्हणे पावलापावलावर सापडतात. आमच्या गावात एकच सापडला, पिवळा, लांब कानांचा, तो मारुतीच्या पारावर. उकंडराव वारा पाहून उलट्या बाजूनं त्याच्याजवळ गेले आणि पाऊण तास नुसते बसून राहिले. गौरी फोनवर रडकुंडीला आली, "आजोबा, धरा ना त्याला." ते म्हणाले, "देवाच्या पारावर आलेल्याले धरत नाई बाई. उतरू दे त्याले." तो काही उतरला नाही. गौरीचे खेळातले गुण गेले. तरी दुसऱ्या दिवशी तिनं ही गोष्ट वर्गात सांगितली आणि बाईंनी तिला पुन्हा सांगायला लावली, हे उकंडरावांनी मला तीन वेळा ऐकवलं.

असे दोन महिने गेले. मग एका रविवारी गौरी म्हणाली, "आजोबा, आज अंगणात दार येणार आहे. दारातून आत गेलात की तुमची खोली. मी फोन गोल फिरवून फिरवून फोटो काढलाय."

आणि खरंच, टॅबमध्ये पाहिलं तर भर अंगणात एक दार उभं होतं. चौकट आणि अर्धवट उघडी फळी. उकंडराव आधी त्याच्या मागे जाऊन आले. मागे काही नव्हतं. मग ते दारातून आत गेले. म्हणजे मला दिसत होतं ते असं, की एक म्हातारा माणूस टॅब तोंडापुढे धरून मोकळ्या अंगणात हळूहळू फिरतोय, वाकतोय, कोपऱ्यात डोकावतोय आणि मध्येच छताकडे पाहतोय, जिथे मला आभाळ दिसत होतं. मलाही त्यांनी आत नेलं. खोली झकास होती. खाट, तिच्यावर नवी चादर, खिडकी, पंखा, भिंतीवर मुद्दाम लावलेलं जंगलाचं चित्र. मी म्हणालो, "आता तर पटलं? बांधा बॅग." पुढचे तीन दिवस सकाळ-दुपार ते त्या दारातून आत-बाहेर करत होते, आणि डायरीत काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, स्वारी आता चादरीचे धागे मोजत असेल.

चौथ्या दिवशी माझ्यासमोरच प्रशांतचा फोन आला. तिकीट काढू का, म्हणून विचारत होता.

"मी येत नाई," उकंडराव म्हणाले.

"का बाबा?"

"लिफ्टचा भरवसा नाई मले. बंद पडली म्हंजे?"

"जिना आहे."

"अन् इथं बकरीले कोन पाह्यन?"

प्रशांतचा आवाज चढला. खोली पाहिलीत, आवडली म्हणालात, गौरी रोज दिवस मोजतेय, आणि आता लिफ्ट, बकरी. "तुमचा हा संशयी स्वभाव आयुष्यात जाणार नाही. पोटच्या मुलावरसुद्धा विश्वास नाही तुमचा." उकंडराव ऐकत राहिले. फोन पलीकडूनच बंद झाला.

मला राग आला. "बकरी तर तुम्ही इंदूबाईला देऊन टाकलीत," मी म्हणालो. "लेकराला किती तोडून बोललात. त्यानं एवढी खोली सजवली."

"त्यानं नाई सजोली," ते म्हणाले. "या इकडं."

त्यांनी पुन्हा दार उघडलं आणि मला आत नेलं. खिडकीखालच्या फरशीवर बोट ठेवून म्हणाले, "हे चार ठिपके पाह्यले? टेबलाचे पाय होते इथं. इतुशाक टेबल, लेकराचं." मग भिंतीकडे वळले. तिथे पांढऱ्या रंगाचा एक थेंब उरलेल्या भिंतीहून ताजा दिसत होता. "खिळा उपसून भोक बुजवलं. एवढ्या खाली मोठा मानूस खिळा ठोकत नाई, दप्तरासाठी ठोकतेत." खिडकीच्या काचेवर खरवडल्याच्या खुणा होत्या, चांदण्यांच्या आकाराच्या. मी चार दिवसांत पाच-सहा वेळा ती खोली पाहिली होती, आणि मला फक्त चादर दिसली होती.

"गौरीची खोली हाय हे," उकंडराव म्हणाले. "फोनवर बोलते तवा तिच्या मांगं जोड्याईचं कपाट दिसते, अन् त्याच्यावर दप्तर. मी इचारलं, अभ्यास कोठी करतं बाई? म्हने, हॉलमध्ये, तिथला पंखा मोठा आहे." ते माझ्याकडे वळले. "पोरगी मोठी होऊन राह्यली मास्तर. दोन वर्साईत तिले दार लावून बसाले लागन. तवा मी आत खोकलत बसू, अन् तिनं जोड्यापाशी बसावं?"

"मग हे प्रशांतला सरळ सांगा ना. काहीतरी तोड निघेल."

"सांगतलं तं तो म्हनन, नाई बाबा, तसं काई नाई. पोरगी बी तेच म्हनन. अन् मले खरं वाटून जाईन." ते हसले. "त्यापरीस हे बरं. संशयी मानसाले कोनी कारन इचारत नाई."

खोट्या वाघाचा पंजा राखेत शोधणारा हा माणूस, त्याला आपण किती हसलो, याचीच लाज वाटत राहिली.

टॅब खाली ठेवून ते पायरीवर टेकले, आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "जाचं होतं मले. लय जाचं होतं. इथं दिवस निंगत नाई."

नंतर गौरीचे फोन येत राहिले. तिला आजोबांनी लिफ्टचंच कारण सांगितलं. तिनं बिचारीनं लिफ्टचा व्हिडिओ काढून पाठवला, त्यावर उकंडरावांनी दोन शंका काढल्या आणि तिला हसवलं. महिनाभरानं तिच्या मागचं जोड्यांचं कपाट दिसेनासं झालं आणि खिडकी दिसू लागली. ही बातमी त्यांनी मला दिली नाही, मीच त्यांच्या खांद्यावरून पाहिली.

काल दुपारी शाळेतून आलो, तर भिंतीपलीकडून हाक आली, "मास्तर, ते इंटरनेट चालू करता का जरा?" मी चालू केलं आणि भिंतीवरून सहज पाहिलं. उकंडराव टॅब घेऊन अंगणात उतरले. मधोमध गेले, थांबले, पायांतल्या चपला काढल्या आणि एकाशेजारी एक नीट ठेवल्या. मग अनवाणी एक पाऊल टाकून पलीकडे गेले आणि जमिनीवर बसले. ऊन चटके देत होतं. मला तिथे दार, खिडकी, काहीही दिसत नव्हतं. मोकळ्या अंगणात फक्त त्यांच्या चपला होत्या, उंबऱ्याबाहेर काढून ठेवाव्यात तशा.