आधी कोण वाकलं?

माझी मान आणि माझी कॉलर, दोन्ही आजवर कधी वाकलेल्या नाहीत! शाळा म्हणाल तर तिसरीतच सुटली. पण आत बकरमचं जाड कापड घालून अशी कडक कॉलर शिवते, की घालणाऱ्याला खाली बघायचं तर आधी तिची परवानगी काढावी लागते.

त्या दिवशी संध्याकाळी सहाला हॉटेलच्या वेटरांचे चाळीस शर्ट द्यायचे होते. "उशीर झाला तर वर्षभराचं काम दुसऱ्याला," असं मॅनेजर दोनदा बजावून गेला होता. शर्ट शिवून तयार, कॉलरी लावलेल्या, फक्त काजं-बटणं बाकी. आणि तीन वाजता आमची काजाची मशीन 'खट्' म्हणाली आणि बंदच पडली!

हातानं एवढी काजं म्हणजे चार दिवस. गल्लीत काजाची दुसरी मशीन एकच. समोर, धाकट्या जावेच्या दुकानात.

तिच्याशी मी अकरा वर्षं बोलत नाही. भरल्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर म्हणाली होती, "जाऊबाई, कॉलर वाकडी बसलीय." मला! जिनं हिला सुईत दोरा ओवायला शिकवलं, तिला! मी दार दाखवलं, तर जाताना म्हणते कशी, "तुम्ही माझ्यापुढे वाकाल, त्याच दिवशी इथे पाय टाकीन."

"आई, काकूंना विचारू का?" सून म्हणाली.

"विचार, मग तुझं तोंडच शिवते. दुहेरी टाका!"

"आणि सहा वाजता मॅनेजरला काय सांगू? ताठा पाठवलाय, बटणं त्यालाच लावून घ्या?"

मी नुसतं बघितलं. ती गप्प झाली आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेली. आमची सून गप्प बसते, तेव्हाच माणसानं घाबरावं!

सव्वाचार वाजले. हातानं करत होते, तिसऱ्याच काजाला रीळ निसटलं आणि घरंगळत दाराशी गेलं. उचलायला वाकले मात्र, कंबरेत अशी उसण भरली की मी जागच्या जागी काटकोन! वर येववेना, खाली जाववेना. आणि नाकासमोर दोन चपला. डावीचा अंगठा झिजलेला. अकरा वर्षांत बाईची चाल काही सुधारली नव्हती!

"अगं बाई! जाऊबाई, एवढं वाकायचं नसतं हो!" धाकटीनं उंबऱ्याच्या आत पाय टाकला, मागोमाग सूनही. "सूनबाई म्हणाली मशीन हवीय. म्हटलं, बघू तरी, तोंडानं मागतात का. तर तुम्ही थेट..."

'तुझ्यासाठी नाही गं, उसण भरलीय!' शब्द अगदी ओठांवर आले होते. पण भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं. मी ते शब्द टाचणी गिळावी तसे गिळले.

"हं," एवढंच म्हणाले.

"सूनबाई, शर्ट ने गं माझ्या मशीनवर! उठा जाऊबाई, झालं गेलं..." म्हणत ती मला उचलायला वाकली. 'कट्!' आवाज मी स्वतः ऐकला.

"आई गं!"

"काय झालं? उसण?"

"छे! तुम्हाला?"

"हॅट्!"

गंजलेल्या कात्रीच्या दोन पात्यांसारख्या आम्ही डोक्याला डोकं लावून अडकलेल्या! सून जाता जाता हाडांच्या डॉक्टरला फोन करून गेली. तो पाचला आला. सुई भरली आणि विचारलं, "आधी कोण वाकलं? तिचं दुखणं जुनं, तिला आधी टोचतो."

"ही!"

"ह्या!"

"अहो, निदान एकीनं तरी..."

"थांबा तुम्ही!" दोघी एकदम ओरडलो.

कळ मस्तकात जात होती. धाकटीच्या कपाळाचा घाम माझ्या नाकावर ठिबकत होता. पण आधी कबूल कोण करणार! समोरून मशीनची खडखड तेवढी ऐकू येत होती.

साडेपाचला सून धापा टाकत आली. "झाली काजं! बटणंही लावली!" म्हणत तिनं गठ्ठा आमच्या नाकाखालच्या स्टुलावर ठेवला. धाकटीनं वरच्या शर्टाकडे बघून डोळे बारीक केले.

"जाऊबाई..."

"बोल."

"नको. पुन्हा अकरा वर्षं जायची."

मीही बघितलं. आणि कंबरेची कळ विसरले! कॉलरचं डावं टोक चांगलं दोन सूत खाली! मॅनेजर वरचाच शर्ट उचलणार. उसवून पुन्हा बसवायला दहा मिनिटं, आणि त्याला हात माझेच लागणार.

घड्याळ. कॉलर. धाकटीचे डोळे.

"डॉक्टर," मी म्हणाले, "आधी मी वाकले. टोचा!"

शर्ट सहाला पाच कमी असताना पोचले. आता धाकटी गल्लीभर सांगत फिरते, की जाऊबाई माझ्यापुढे वाकल्या, तेही डॉक्टरच्या साक्षीनं! फिरू दे. मशीन दुरुस्त होईपर्यंत मला बोलून चालायचं नाही.

पण एक सांगून ठेवते. अकरा वर्षांपूर्वीची ती कॉलर सरळच होती!

म्हणजे... एवढी वाकडी नव्हती.